कणगीतले बी आणि यकृतातले जनुक

माणसाच्या रक्तद्रवात सर्वांत जास्त प्रमाणात असणारे प्रथिन म्हणजे अल्ब्युमिन. प्रौढ माणसाचे यकृत ते रोज साधारण १० ते १५ ग्रॅम तयार करते. ते बनवणारे जनुक यकृताच्या पेशीत असते, तसेच मेंदूच्या, त्वचेच्या आणि हाडाच्या पेशीतही असते, आणि त्याच्या अक्षरक्रमात कुठेही फरक नसतो. तरी मेंदूची पेशी जन्मभर अल्ब्युमिन बनवत नाही. मग मेंदूतल्या त्या जनुकाला अल्ब्युमिनचे कारण म्हणायचे की नाही? म्हणायचे असेल, तर कार्य का घडत नाही? म्हणायचे नसेल, तर यकृतात त्याच जनुकाला कारण कशाच्या बळावर म्हणायचे?

जनुकशास्त्राने हा प्रश्न विसाव्या शतकात हाती घेतला, पण त्याची मांडणी भारतीय दर्शनांत हजार वर्षांपूर्वीच झाली होती. तिथे जनुकाच्या जागी बी होते. कणगीत साठवलेल्या बियाला अंकुर फुटत नाही; तेच बी शेतात पेरले की फुटतो. कणगीतल्या त्या बियात, म्हणजे ग्रंथांच्या भाषेत ‘कुशूलस्थ बीजा’त, अंकुर उत्पन्न करण्याचे सामर्थ्य आहे का? विक्रमशीलेच्या ज्ञानश्रीमित्र आणि रत्नकीर्ती या बौद्ध आचार्यांचे उत्तर ‘नाही’ असे होते. जे समर्थ आहे ते विलंब करत नाही. बी कणगीत समर्थ असते तर तिथेच अंकुरले असते. म्हणून कणगीतले बी आणि शेतातले बी ही एक वस्तूच नव्हे. क्षणाक्षणाला नवे बी उपजते, आणि अंकुराच्या लगतच्या क्षणीचे बी तेवढे ‘कुर्वद्रूप’, म्हणजे कार्य करणारे असते. मिथिलेचे नैयायिक उदयनाचार्य यांनी ‘आत्मतत्त्वविवेक’ या ग्रंथात हे खोडून काढले. त्यांच्या मते बी एकच आहे आणि सामर्थ्यही त्यात आहे. माती, पाणी, ऊब या सहकारी कारणांची जोड मिळाली की कार्य होते, न मिळाली की होत नाही. सहकाऱ्यांची वाट पाहणे म्हणजे असमर्थ असणे नव्हे.

पेशींच्या बाबतीत या वादाचा पहिला भाग प्रयोगाने सुटला. जर्मन जीवशास्त्रज्ञ ऑगस्ट वाइझमान यांनी १८९२ मध्ये असा सिद्धान्त मांडला होता की गर्भ वाढताना आनुवंशिक द्रव्याची वाटणी होत जाते. स्नायूच्या पेशीला स्नायूपुरते द्रव्य मिळते, त्वचेच्या पेशीला त्वचेपुरते. हे खरे असते तर मेंदूत अल्ब्युमिनचे जनुक सापडलेच नसते आणि प्रश्नच मिटला असता. पण १९६२ मध्ये जॉन गर्डन यांनी बेडकाच्या डिंभाच्या आतड्यातील पेशीचे केंद्रक काढून ते केंद्रक निकामी केलेल्या अंड्यात घातले, आणि अशा काही अंड्यांतून पोहणारे डिंभ तयार झाले. १९९६ मध्ये स्कॉटलंडमध्ये जन्मलेली डॉली ही मेंढी प्रौढ मेंढीच्या स्तनग्रंथीतल्या पेशीच्या केंद्रकापासून घडली. आतड्याच्या किंवा स्तनग्रंथीच्या पेशीने सबंध शरीराचा मजकूर राखून ठेवलेला होता. काही अपवाद आहेतच: माणसाच्या पक्व तांबड्या पेशीत केंद्रक उरत नाही, आणि प्रतिपिंडे बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी आपल्या डीएनएचे काही तुकडे कायमचे कापून जोडतात. एरवी वस्तू एकच असते. इथवर उदयनाचार्यांची बाजू भक्कम ठरते.

मग सहकारी कारणे कोणती, आणि ती जनुकाला कुठे येऊन भेटतात? ही भेटीची जागा म्हणजे प्रमोटर. जनुकाचे प्रतिलेखन, म्हणजे त्याची आरएनएमध्ये नक्कल होण्याचे काम, जिथे सुरू होते त्याच्या आसपासचा आणि लगतच्या मागच्या बाजूचा हा डीएनएचा पट्टा. त्याच्यापासून प्रथिन बनत नाही. त्यात लहान लहान अक्षरक्रम असतात आणि त्यांवर ठरावीक प्रथिने येऊन बसतात. काही क्रम अनेक जनुकांना सामाईक असतात: प्रारंभबिंदूच्या २५ ते ३० अक्षरे आधी येणारी ‘टाटा पेटी’ त्यांतली सर्वांत प्रसिद्ध, जरी माणसाच्या थोड्याच जनुकांत ती आढळते. अशा क्रमांच्या आधारे आरएनए पॉलिमरेज २ हे विकर आणि त्याच्याबरोबरचा प्रथिनांचा ताफा जागेवर येतो. हा ताफा सर्व ऊतींत जवळजवळ सारखाच असतो. न्यायशास्त्रात काल, दिशा यांसारख्या प्रत्येक कार्याला लागणाऱ्या कारणांना साधारण कारणे म्हणतात आणि विशिष्ट कार्यापुरत्या कारणांना असाधारण. पॉलिमरेजचा ताफा हे साधारण कारण आहे. त्याच्या असण्याने यकृत आणि मेंदू यांतला फरक समजत नाही. तो फरक असाधारण कारणांत शोधावा लागतो. माणसात डीएनएला चिकटून जनुकांचे नियमन करणारी सुमारे १६०० प्रथिने आहेत. त्यांतली काही ठरावीक ऊतींतच विपुल असतात, आणि त्यांना ओळखता येणारे क्रम ठरावीक जनुकांच्याच प्रमोटरमध्ये असतात. अल्ब्युमिनच्या प्रमोटरवर एचएनएफ-१ आणि सी/ईबीपी या कुळांतील प्रथिने बसतात. यकृतात ती एकत्र पुरेशी असतात, मेंदूच्या पेशीत तो मेळ जमत नाही.

हे निव्वळ तर्काने ठरलेले नाही. अन्वय आणि व्यतिरेक, म्हणजे ‘हे असले की ते होते’ आणि ‘हे नसले की ते होत नाही’, या कार्यकारणाच्या जुन्याच कसोट्या इथे लावल्या गेल्या. १९८५ मध्ये डग्लस हॅनाहन यांनी उंदरांमध्ये एक जोडजनुक घातले. त्याचा पुढचा भाग इन्सुलिनच्या जनुकाचा प्रमोटर आणि त्याच्या जवळचा नियामक पट्टा होता. मागचा भाग एका विषाणूतले अर्बुद घडवणारे जनुक होते. हे जोडजनुक उंदराच्या प्रत्येक पेशीत होते. अर्बुदे मात्र स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींतच झाली. इन्सुलिनशी काडीचा संबंध नसलेले प्रथिन, इन्सुलिनच्या प्रमोटरमागे ठेवल्याबरोबर, इन्सुलिनच्याच जागी प्रकट झाले. कुठे व्हायचे हे प्रमोटरच्या पट्ट्याने ठरवले. काय व्हायचे हे मागच्या मजकुराने.

व्यतिरेकाचे सर्वांत नेमके उदाहरण निसर्गानेच घडवून ठेवले आहे, आणि ते प्रयोगशाळेतल्या कोणत्याही उदाहरणापेक्षा अधिक विचार करायला लावते. तांबड्या पेशींवर डफी नावाचे एक प्रथिन असते. व्हायव्हॅक्स जातीचा हिवतापाचा परजीवी त्याच्या आधाराने पेशीत शिरतो. पश्चिम आफ्रिकेतल्या बहुतेक सर्व लोकांच्या तांबड्या पेशींवर हे प्रथिन नसते, आणि त्यामुळे तिथे व्हायव्हॅक्स हिवताप अत्यंत विरळा आहे. भारतात मात्र डफी सर्वत्र असल्याने तो नेहमीचा आजार आहे. आफ्रिकेतल्या या लोकांत डफीचे जनुक नष्ट झाले असेल, असे कोणालाही वाटावे. १९९५ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी ते वाचले तेव्हा प्रथिनाचा मजकूर शाबूत निघाला. बदल होता प्रमोटरमध्ये, तोही एका अक्षराचा: टी च्या जागी सी. त्या एका अक्षराने गाटा-१ या प्रथिनाची बसण्याची जागा मोडली होती. गाटा-१ हे अस्थिमज्जेत तांबड्या पेशी घडवताना लागणारे प्रथिन आहे. म्हणून डफी फक्त तांबड्या पेशींच्या कुळातून नाहीसे झाले. रक्तवाहिन्यांच्या अस्तरात गाटा-१ च्या त्या जागेची गरज नसल्याने तिथे ते पूर्वीसारखेच राहिले. एकाच माणसात एकच जनुक एका ऊतीत मुके आणि दुसऱ्या ऊतीत बोलके. अलीकडे मादागास्करमध्ये आणि इतरत्र डफी नसलेल्या माणसांतही व्हायव्हॅक्स आढळला आहे, तेव्हा परजीवीने काही ठिकाणी दुसरी वाट काढली असावी. पण प्रमोटरबद्दलचा निष्कर्ष त्यामुळे बदलत नाही.

इथे नव्यन्यायातला एक भेद फार उपयोगी पडतो. रानात पडलेल्या काठीने कधीच घडा घडत नाही, तरी कुंभाराच्या चाकाला गती देण्याची पात्रता तिच्यात असते. या पात्रतेला ‘स्वरूपयोग्यता’ म्हणतात. प्रत्यक्ष कार्य घडवून आणणे म्हणजे ‘फलोपधायकता’. प्रमोटरमधला अक्षरक्रम ही स्वरूपयोग्यता आहे. डफीच्या प्रमोटरमधले अक्षर बदलल्यावर गाटा-१ कितीही असले तरी फळ मिळत नाही, कारण पात्रताच गेली. उलट अल्ब्युमिनच्या बाबतीत मेंदूत पात्रता पूर्ण आहे, पण तिला जागवणारे सहकारी नाहीत. प्रमोटर जनुकांवर ‘नियंत्रण’ ठेवतो, असे पाठ्यपुस्तकांत सर्रास लिहिले जाते. त्या शब्दाला मर्यादेतच घ्यायला हवे. प्रमोटर आज्ञा देत नाही, पेशी ओळखत नाही, निवड करत नाही. कोणत्या प्रथिनांना प्रतिसाद देता येईल एवढे त्याच्या अक्षरांत ठरलेले असते, आणि ती प्रथिने हजर आहेत की नाहीत हे पेशीचा इतिहास ठरवतो. कर्तृत्व या दोहोंच्या जोडीत आहे.

सहकारी बदलले की तोच जनुकसंचय वेगळी ऊती घडवतो, हेही दाखवता आले. १९८७ मध्ये हॅरॉल्ड वाइनट्रॉब यांच्या सिएटलमधील प्रयोगशाळेत उंदराच्या संयोजी ऊतीच्या पेशींत मायोडी हे एकच नियामक जनुक सक्रिय केले आणि त्या पेशी स्नायूच्या वळणाला लागल्या. १९९५ मध्ये वॉल्टर गेहरिंग यांच्या बाझेलच्या गटाने फळमाशीच्या पायांवर, पंखांवर आणि शृंगिकांवर ‘आयलेस’ हे नियामक जनुक चालवून तिथे डोळे उगवून दाखवले. उंदराचे त्याच कुळातले जनुक वापरले तरी माशीला डोळा आला, आणि तो माशीचाच डोळा होता, उंदराचा नव्हे. सहकारी उंदराकडून आणले होते. ज्यांनी त्याला प्रतिसाद दिला ते नियामक पट्टे माशीचे होते.

पण म्हणून बौद्धांचा पक्ष निकालात निघाला असे समजणे घाईचे ठरेल. डीएनए पेशीत उघडे पडलेले नसते. सुमारे १४७ अक्षरांचा एकेक वेढा हिस्टोन प्रथिनांच्या गुंडीभोवती घेतलेला असतो, गुंड्या दाटीने रचलेल्या असतात, आणि काही ऊतींत गप्प बसवलेल्या प्रमोटरांवर मिथिल गट चिकटवलेले असतात. गाटा-१ ला ओळखता येईल असा सहा अक्षरांचा क्रम तीन अब्ज अक्षरांत योगायोगानेच लक्षावधी ठिकाणी येतो. प्रत्यक्षात त्यांतल्या फार थोड्या जागांवर ते बसते, कारण बाकीच्या बहुतेक जागा गुंडाळलेल्या असतात. म्हणजे मेंदूतले अल्ब्युमिनचे जनुक आणि यकृतातले जनुक अक्षरांनी एक असले तरी त्यांची अवस्था एक नाही. कणगीतले बी आणि शेतातले बी यांत अवस्थाभेद आहे, आणि तो कारणात मोजला पाहिजे, हा बौद्धांचा आग्रह इथे रास्त आहे. गर्डन यांची बहुतेक अंडी वाढली नाहीत आणि डॉली २७७ प्रयत्नांतून एकच जन्मली. गुंडाळलेला मजकूर पूर्वपदावर आणणे किती अवघड असते याचे हे माप आहे. तरी अवस्थाभेद म्हणजे वस्तुभेद नव्हे. यकृत घडताना फॉक्स-ए कुळातली काही प्रथिने गुंडाळलेल्या डीएनएवरही बसू शकतात आणि पुढच्यांसाठी जागा मोकळी करतात. बंद झालेले पुन्हा उघडते, म्हणूनच ती एकाच वस्तूची बदलती अवस्था मानणे अधिक सयुक्तिक आहे.

यातून पुढचा प्रश्न अटळपणे येतो. अल्ब्युमिनला एचएनएफ-१ लागते. पण एचएनएफ-१ हेही एका जनुकापासून बनते, आणि त्या जनुकालाही प्रमोटर आहे. त्याला जागवणारे कोण? त्याच्यामागचे कोण? दर्शनांत याला अनवस्था म्हणतात आणि सामान्यतः तो दोष मानतात. फळमाशीच्या गर्भात या साखळीचा मागोवा बराच मागे घेता आला आहे. अंड्याच्या पुढच्या टोकाला बायकॉइड या प्रथिनाचा आरएनए आधीच ठेवलेला असतो. त्यापासून बनलेले प्रथिन पुढून मागे विरळ होत जाते आणि हंचबॅक नावाच्या जनुकाच्या प्रमोटरवर बसून गर्भाच्या पुढच्या भागात ते जागे करते. आणि तो आरएनए कोणी ठेवला? मातेच्या पेशींनी, स्वतःच्या जनुकांपासून, अंडे तयार होत असताना. म्हणजे साखळी गर्भाच्या डीएनएत सुरू होत नाही. ती मातेच्या शरीरात जाते, तिथून मातेच्या मातेत. ही बीजांकुरन्यायाची अनवस्था आहे: बियापासून झाड, झाडापासून बी. शास्त्रकारांनी अशी अनवस्था प्रमाणाने सिद्ध असल्यास दोष मानली नाही. पेशी पेशीपासूनच होते, असे रुडॉल्फ व्हिर्चो यांनी एकोणिसाव्या शतकात आग्रहाने मांडले. प्रमोटरचा विचारही तिथेच येऊन पोहोचतो. जीवनाचा सगळा आराखडा डीएनएमध्ये ‘लिहिलेला’ आहे असे म्हणताना, ते लिखाण वाचणारी जिवंत पेशी आधीपासून हवी आणि ती कोणत्याही डीएनएने एकट्याने कधीच घडवलेली नाही, हे विसरले जाते. सहकारी कारणे बियाइतकीच जुनी आहेत.

प्रमोटरमुळे वस्तूच्या ‘स्वभावा’चाही फेरविचार करावा लागतो. बदकाच्या नेत्रभिंगात एप्सिलॉन-क्रिस्टलिन नावाचे प्रथिन खच्चून भरलेले असते. त्याच्या दाटीमुळे भिंग प्रकाश वळवते. १९८७ मध्ये आढळले की हे प्रथिन म्हणजे लॅक्टेट डिहायड्रोजिनेज हे विकरच आहे, आणि हृदयात रासायनिक काम करणारे प्रथिन आणि हे प्रथिन एकाच जनुकातून येतात. नवे जनुक घडले नाही, प्रथिनाचा आकार बदलला नाही. भिंगात ते प्रचंड प्रमाणात प्रकट होऊ लागले, एवढेच. मग हे प्रथिन स्वभावाने विकर आहे की भिंगद्रव्य? दोन्ही उत्तरे एकेकटी अपुरी आहेत. वस्तूचे काम तिच्या रचनेइतकेच ती कुठे आणि किती आहे यावर ठरते, आणि ‘कुठे’ व ‘किती’ ही नियामक क्रमांची कक्षा आहे. जैन आचार्यांनी प्रत्येक विधानाला द्रव्य, क्षेत्र, काल आणि भाव यांची अपेक्षा जोडली होती. बदकाच्या भिंगाबद्दल बोलताना क्षेत्राचा उल्लेख वगळला तर विधान खरोखरच चूक ठरते.

कालाची अपेक्षा सिकलसेलच्या आजारात दिसते, आणि तो प्रश्न विदर्भ व नंदुरबारमधल्या आदिवासी वस्त्यांत घरोघरी माहीत आहे. गर्भावस्थेत तांबड्या पेशींत गॅमा-ग्लोबिन चालते, जन्मानंतर ते मावळते आणि बीटा-ग्लोबिन पुढे येते. सदोष अक्षर बीटामध्ये असल्याने आजार जन्मानंतर काही महिन्यांनी प्रकट होतो. भारतातल्या बहुतेक रुग्णांच्या गॅमा-ग्लोबिनच्या एका जनुकात, प्रारंभबिंदूच्या १५८ अक्षरे आधी, सी च्या जागी टी असतो, आणि त्यांच्यात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन मोठेपणीही बऱ्यापैकी टिकते. त्यामुळे आजाराची तीव्रता पुष्कळांत कमी राहते, सर्वांत नाही. दोष तोच, अक्षर तेच, तरी दोन माणसांचे भोग सारखे नाहीत. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनने मान्यता दिलेला जनुकसंपादनाचा उपचार याच समजुतीवर उभा आहे. त्यात गॅमाला दाबणाऱ्या बीसीएल११ए या जनुकाचा प्रथिनाचा मजकूर शाबूत ठेवतात. तांबड्या पेशींच्या कुळातच ते जागे ठेवणारा, प्रमोटरपासून दूर असलेला एक नियामक क्रम तेवढा कापतात. मेंदूला आणि पांढऱ्या पेशींना ते जनुक हवेच असते. कपाळी लिहिलेले बदलत नाही, ही धारणा इथे तपासून घ्यावी लागते: प्रथिनांचा मजकूर न बदलता, तो कुठे वाचला जातो एवढे बदलून भोग हलका करता येतो.

एक गाठ अजून सुटायची आहे. सर्व कारणे जमली, म्हणजे कारणसामग्री पूर्ण झाली, की कार्य व्हायलाच हवे, हे नैयायिक आणि बौद्ध दोघांनाही मान्य होते. २००२ मध्ये मायकेल एलोविट्झ आणि सहकाऱ्यांनी एकाच जिवाणूत अगदी सारखे प्रमोटर असलेली दोन जनुके ठेवली, एकापासून निळसर आणि दुसऱ्यापासून पिवळे चमकणारे प्रथिन बनावे अशी. पेशी तीच, सहकारी तेच, क्रम तोच. तरी अनेक पेशींत एक रंग जास्त निघाला, एक कमी. रेणूंची संख्या थोडी असली की कोणता रेणू कधी धडकेल यातली अनियमितता कार्यात उतरते. सामग्रीत त्या धडकेची वेळही मोजली तर नियम वाचतो, असे नैयायिक म्हणू शकेल, आणि ते चूक नाही. पण वेळ मोजायची तर ती आधी सांगता येत नाही, हेही मान्य करावे लागेल.

काही ऊतींत या अनियमिततेवरच सारे काम चालते. नाकातल्या गंध ओळखणाऱ्या प्रत्येक चेतापेशीपुढे गंधग्राहक प्रथिनांची माणसात सुमारे ४०० आणि उंदरात हजाराच्या वर जनुके असतात. त्यांतले एकच, तेही आईकडून किंवा वडिलांकडून आलेल्या दोन प्रतींपैकी एकाच प्रतीतून, जागे होते. कोणते होणार हे बऱ्याच अंशी योगायोगावर असते. एकदा ते जागे झाले की त्याचे प्रथिन बाकीच्यांना उठू देत नाही आणि निवड कायम राहते. श्वेताश्वतर उपनिषदात जगाच्या कारणाचा शोध घेताना काल, स्वभाव, नियती आणि यदृच्छा हे एकमेकांचे पर्याय म्हणून मांडले आहेत. नाकातल्या या पेशीत ते पर्याय उरत नाहीत: कोणते जनुक हे यदृच्छेने ठरते, एकच जनुक हे नियतीने, आणि ती निवड पुढे टिकवून धरतो तो पेशीचा तेव्हापासूनचा स्वभाव.